ल्यों ते दिजों: फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यात कॅम्परव्हॅन, नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या वाईन-गावांतून कॅम्परव्हॅनने फिरायचं ठरलं, की नागपूरकराच्या कागदावर पहिली यादी साधारण अशी उतरते: पॅरिस, शांपेन, आल्सास, बर्गंडी, बोर्दो, दिवस बारा. समृद्धीवरून एका दिवसात मुंबई गाठायची सवय असली की यात काही वावगं वाटत नाही. पण आल्सास आणि बोर्दो देशाच्या दोन टोकांना आहेत. मधलं अंतर साडेआठशे ते हजार किलोमीटर, आणि ते साडेतीन टनांची गाडी घेऊन कापायचं. शिवाय ज्या कामासाठी जायचं ते काम म्हणजे वाईन चाखणं, आणि चाखल्यावर गाडी चालवता येत नाही. म्हणून दिवसाचं अंतर 40-50 किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका. एकच पट्टा निवडा, त्यात मुरा, बाकीचा फ्रान्स पुढच्या वेळेला ठेवा. या सहलीत जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं घाईतून बिघडतं.

पहिल्या वेळेसाठी ल्यों ते दिजों हा पट्टा सर्वांत सोयीचा आहे. खाली बोजोले, मध्ये माकोंचा परिसर आणि कोत शालोनेझ, वर बर्गंडीचा कोत दॉर. व्हिलफ्रांश, फ्लरी, सोल्युत्रे, क्ल्युनी, तुर्न्यू, जीव्री, सांतने, बोन, न्वी-सां-जॉर्ज, जेव्रे, दिजों अशी वळणं घेत गेलं तरी एकूण अडीचशे किलोमीटरच्या आसपासच होतात. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर बरेच जादा पैसे लागतात. त्यापेक्षा ल्योंला घ्या आणि ल्योंलाच परत करा. दिजोंहून मोटरवेने ल्यों दोन-सव्वादोन तासांवर आहे. नागपूरहून जायला दोहामार्गे किंवा मुंबई-दिल्लीमार्गे, जे स्वस्त पडेल ते.

कधी जावं? विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आपल्याला जूनचे पहिले तीन आठवडे मिळतात, आणि या पट्ट्यासाठी ते उत्तम आहेत. सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, वेल फुलोऱ्यात असतात. मे थोडा अडचणीचा. 1 मे, 8 मे, शिवाय ईस्टरच्या हिशोबाने येणाऱ्या दोन सुट्ट्या. लागून रविवार आला की गावंच्या गावं बंद. नागपुरात पारा 44-45 वर असताना तिकडे मे महिन्यातल्या रात्री 8-10 अंशांपर्यंत उतरतात, म्हणून जाड पांघरूण गाडीसोबत मिळतं का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. फुलोऱ्यानंतर साधारण 100 दिवसांनी तोडणी येते, म्हणजे बहुधा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तोडणी बघायला सुंदर असते, पण त्या दिवसांत लहान शेतकऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. त्यांच्याशी बोलायचं असेल तर जून.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांना शुल्क 90 युरो, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. कॅम्परव्हॅनवाल्यांचं घोडं अडतं ते मुक्कामाच्या पुराव्यावर. "गाडीतच झोपणार" हे उत्तर पुरेसं नाही. गाडीच्या भाड्याचा करार, दर रात्रीचं गाव लिहिलेला तक्ता आणि कॅम्पिंगची खरी आरक्षणं जोडा. शेतावरच्या फुकट मुक्कामांचं (त्याबद्दल पुढे) आरक्षण होत नाही, म्हणून अर्जात कॅम्पिंगच धरा आणि रद्द करता येतील अशीच आरक्षणं घ्या.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. तुमचा परवाना ज्या कार्यालयाचा, शहर एमएच-31, पूर्व एमएच-49 की ग्रामीण एमएच-40, त्याच्या नावाने सारथी पोर्टलवर फॉर्म 4-ए भरायचा. शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती लागतात, म्हणून व्हिसा हाती आल्याबरोबर अर्ज टाका. तिकडे हा परवाना एकटा चालत नाही. मूळ भारतीय परवाना सोबत हवाच. जे चालवणार त्या दोघांचेही काढून ठेवा, कारण दुसरा ड्रायव्हर नसेल तर दिवसातले सगळे घोट एकाच माणसाला वर्ज्य होतात.

भाड्याच्या कंपन्यांना अनामत क्रेडिट कार्डावर लागते, तेही चालवणाऱ्याच्याच नावावर. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारतात. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवा. पेट्रोल पंपावरची यंत्रं डिझेल देण्याआधी कार्डावर 100 ते 150 युरो अडवून ठेवतात. मर्यादा कमी असेल तर रविवारी बंद पंपावर टाकी रिकामी आणि यंत्र "नाही" म्हणत राहतं.

गाडी कोणती आणि ताब्यात घेताना काय बघायचं

कॅम्परव्हॅनमध्ये फियाट डुकाटो, सित्रोएन जंपर, प्युजो बॉक्सर या तीन नावांखाली मुळात एकच गाडी येते. दोघांसाठी 5.4 मीटरची पुरते, चौघांसाठी 6 मीटरची. त्याहून लांब घेऊ नका. बोजोलेतल्या गल्ल्यांमध्ये 7 मीटरची गाडी वळवताना होणारा मनस्ताप आत मिळणाऱ्या जादा जागेने भरून निघत नाही. उंची 2.6 ते 2.8 मीटर असते. ती चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. गावांच्या जुन्या दगडी वेशी, सुपरमार्केटच्या वाहनतळावरचे आडवे बार, टोलची 2 मीटरवाली मार्गिका, सगळीकडे हाच आकडा लागतो. छताला झालेली इजा बहुतेक विम्यांत बसत नाही, आणि छत फाटलं तर पूर्ण खर्च तुमचा.

टोलची श्रेणीही उंचीवर ठरते. 2 मीटरपर्यंत पहिली, 2 ते 3 मीटर दुसरी, त्याच्या वर किंवा साडेतीन टनांहून जड गाडी असेल तर तिसरी. म्हणजे उंच छताची व्हॅन दुसऱ्या श्रेणीत. हिरव्या बाणाच्या मार्गिकेत जा. नुसतं नारिंगी "ट" असलेली मार्गिका उपकरण बसवलेल्या गाड्यांसाठी असते. अर्थात या सहलीत टोलची गरज परतीच्या दिवशीच. एरवी डी-906 सारखे जुने रस्ते घ्या. माकों, तुर्न्यू, शालों, शान्यी सगळं त्यावरच आहे.

ताब्यात घेताना तास-दीड तास लागतो. तो पूर्ण घ्या आणि चार गोष्टी स्वतःच्या हातांनी करून बघा: सांडपाण्याची झडप उघडणं-बंद करणं, शौचालयाची कॅसेट (मैल्याची सुटी टाकी) काढणं-बसवणं, गॅसची टाकी बदलणं, आणि फ्रिज एका ऊर्जेवरून दुसऱ्यावर नेणं. सगळं मोबाईलवर चित्रित करा, चाकांच्या कडा आणि मागचा बंपर धरून. फ्रिज कॉम्प्रेसरचा असेल तर काळजी नाही. तीन ऊर्जांवर चालणारा असेल तर 12 व्होल्ट फक्त गाडी चालू असताना, कॅम्पिंगमध्ये 230 व्होल्ट, बाकी वेळ गॅस. हा दुसरा प्रकार गाडी तिरकी उभी असली तर गारच होत नाही, कारण त्यातला द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरतो. म्हणून चाकाखाली ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पाचरी गाडीत आहेत ना, ते बघून घ्या.

वीज कॅम्पिंगमध्ये बहुधा 6 किंवा 10 अँपिअरची मिळते. 6 अँपिअर म्हणजे सुमारे 1380 वॅट. घरून नेलेली 2000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली की खटका पडतो आणि रात्री साडेदहाला व्यवस्थापकाला उठवावं लागतं. स्वयंपाक गॅसवरच करा. दोन बर्नर असतात आणि तीन लिटरचा कुकर त्यावर नीट बसतो. फोडणी देताना छताची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि वास गादीत मुरतो. गाडी चालू असताना गॅसची टाकी बंद.

आणि डिझेल. तिकडे डिझेलला "गाझॉल" म्हणतात, नळावर बी-7 लिहिलेलं असतं; "एसॉन्स" म्हणजे पेट्रोल. डिझेलच्या झाकणाशेजारी धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं निळं झाकण असतं, ते अॅडब्लूचं. अॅडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूसुद्धा नका, तशीच ओढून न्यायला लावा. इंजिन सुरू झालं की ते पंप आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि बिल हजारोंत जातं. युरोंच्या हजारोंत.

उजवीकडून चालवताना

पहिल्या दिवशी इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर फिरेल, कारण दांड्या उलट असतात. त्यात धोका नाही. धोका आहे तो उजव्या आरशाला. आपल्याला गाडीच्या उजव्या अंगाला बसायची सवय, तिथे डाव्या अंगाला बसतो. त्यामुळे गाडीचं उजवं अंग किती लांब आहे याचा अंदाज चुकतो आणि गाडी कडेच्या भिंतीकडे सरकत राहते. डावा आरसा मधल्या रेषेच्या जवळ ठेवायचा असं मनाशी धरलं की उजवीकडे आपोआप जागा राहते. दुसरं, मागचं चाक आणि बंपर यांच्यातलं अंतर मोठं असतं. डावीकडे चटकन वळलात की गाडीची शेपटी उजवीकडे बाहेर फेकली जाते, आणि तिथे नेमका दगडी खांब असतो. वळण्याआधी गाडी अर्धा मीटर सरळ पुढे काढा, मग वळा.

लाल कडेची गावाच्या नावाची पाटी दिसली की 50 ची मर्यादा सुरू, पाटीवर तिरकी लाल रेघ असली की संपली. गावाबाहेर 80, काही जिल्ह्यांत 90. मोटरवेवर 130, पावसात 110. गावात, कुठलीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो शेणाची ट्रॉली घेऊन बोळातून येत असला तरी. पांढऱ्या कडेची, हिऱ्याच्या आकाराची पिवळी पाटी म्हणजे अग्रक्रम तुमचा. चौकातल्या वर्तुळात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि डावीकडून आत फिरत असलेल्यांना थांबून वाट द्यायची.

द्राक्षबागांमधल्या अरुंद रस्त्यांवर उंच पायांचे ट्रॅक्टर भेटतात. कोत दॉरमध्ये ओळींमधलं अंतर जेमतेम एक मीटर आणि हेक्टरी सुमारे 10,000 वेल, म्हणून तिथला ट्रॅक्टर ओळीच्या मधून न जाता ओळीवरून जातो, चाकं दोन्ही बाजूंना. तो समोरून आला तर तुम्हीच मागे घ्या. त्याला कामाची घाई असते आणि तुमच्या गाडीला मागचा कॅमेरा असतो. पाऊस पडून गेला असेल तर गवतावर किंवा बागेच्या कडेच्या मातीवर गाडी उभी करू नका. डुकाटोची ताकद पुढच्या चाकांत आणि वजन मागे, त्यामुळे ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरतात. उभी करावीच लागली तर तोंड उताराकडे ठेवा.

आता चाखणं

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल, आणि 0.8 पासून पुढे फौजदारी गुन्हा. 12 टक्क्यांची 10 सेंटिलिटर वाईन म्हणजे 10 ग्रॅम अल्कोहोल, त्याने पातळी साधारण 0.20 ते 0.25 ने वाढते. चाखायला 3-4 सेंटिलिटर ओततात. सहा वाईन गिळल्या की 10 सेंटिलिटरच्या दोन ग्लासांच्या आसपास पोचलात, म्हणजे मर्यादेच्या उंबऱ्यावर. अंगाने सडपातळ असाल तर पलीकडेही. शरीर तासाला 0.10 ते 0.15 एवढंच उतरवतं. कॉफी, आंघोळ, ताक यांनी वेग वाढत नाही. मर्यादेच्या वर असताना अपघात झाला तर गाडीचा विमा हात वर करतो.

म्हणून दिवसाची मांडणी अशी करा. सकाळी दहाला एक ठिकाण, तिथे चालवणाऱ्याने थुंकायचं. थुंकायला भांडं ठेवलेलंच असतं, "क्राश्वार" म्हणतात, आणि ते वापरणं असभ्य नाही. वाईन बनवणारेही तेच करतात. "ज कोंद्वी", मी गाडी चालवतोय, एवढं म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. दुपारी बारा ते दोन सगळं बंद, तेव्हा जेवण. मग जास्तीत जास्त तासाभराची ड्राईव्ह. दुसरं ठिकाण संध्याकाळी, जिथे रात्रीचा मुक्काम आहे तिथेच. गाडी लावा, चावी खणात ठेवा, मग निवांत चाखा.

हे जमतं ते "फ्रान्स पासिऑन" या व्यवस्थेमुळे. देशभरातले 2000 हून जास्त शेतकरी, वाईन बनवणारे, चीजवाले आपल्या आवारात कॅम्परव्हॅनला 24 तासांपर्यंत फुकट जागा देतात. वर्षाचं सभासदत्व घ्यायचं, यजमानांची यादी आणि काचेवर लावायचा स्टिकर मिळतो. खरेदीची सक्ती नाही. अट एवढीच की गाडीत स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी हवी, कारण तिथे नळ, वीज, स्वच्छतागृह काही गृहीत धरायचं नसतं. संध्याकाळी पाच-सहापर्यंत पोचा, घरधन्याला आधी भेटा, ते दाखवतील तिथेच लावा, निघताना निरोप घ्या. त्यांच्या पाहुणचाराचं मोल करायचं असेल तर दोन बाटल्या घ्या. बोजोलेच्या गावांत चांगली बाटली 10 ते 20 युरोंत मिळते. कोत दॉरमध्ये हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो आणि तिथे चाखण्याचेही पैसे घेतात, आधी ईमेलने वेळ ठरवावी लागते. "व्हॉन्त दिरेक्त" ही पाटी दिसली तर थेट विक्री आहे असं समजा, पण दार बंद असेल तर फोन करा. माणूस मागे बागेत असतो.

सहा मैल मागे सोडलेलं गाव आणि हे गाव यांच्या वाईनमध्ये फरक का, हे या पट्ट्यात डोळ्यांनी दिसतं. बोजोलेच्या उत्तरेला ग्रॅनाईटची जमीन आणि गामे द्राक्ष. फ्लरी, मॉर्गों, मूलां-आ-व्हां, शिरूब्ल अशी दहा ठिकाणांची नावं तिथे बाटलीवर येतात. तिथले जुने वेल तारेवर नसतात. गुडघाभर उंचीचं खोड आणि वर चार-पाच फांद्या उघड्या पंजासारख्या. माकोंपासून चुनखडी सुरू होते आणि शार्दोने हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष येतं. सोल्युत्रेचा 493 मीटरचा कडा म्हणजे तीच चुनखडी उघडी पडलेली. त्याच्या पायथ्याच्या पुयी-फ्युइसे वाईनच्या काही बागांना 2020 साली प्रीमिए क्र्यूचा, म्हणजे वरून दुसरा, दर्जा मिळाला. बोनच्या पुढे पिनो न्वार हे लाल वाईनचं द्राक्ष. 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने फर्मान काढून गामेला हुसकून लावलं होतं, म्हणून ही सीमा इतकी ठळक.

बोन ते दिजों जाताना डी-974 रस्त्यावर एकदा थांबा आणि पश्चिमेकडच्या उताराकडे नीट बघा. रस्त्याच्या पूर्वेची सपाट जमीन बहुतेक साध्या बर्गंडी वाईनची. पश्चिमेला उतार चढू लागला की गावाच्या नावाची वाईन, मग प्रीमिए क्र्यू, उताराच्या साधारण मध्यावर ग्रां क्र्यू हा सर्वोच्च दर्जा, आणि वर जंगलाजवळ पुन्हा दर्जा खाली. मध्यावर पाण्याचा निचरा चांगला, माती ना फार खोल ना फार उथळ, तोंड पूर्वेला, म्हणून सकाळचं ऊन लवकर लागतं. रोमाने-कोंतीची जगप्रसिद्ध बाग तिथेच, जेमतेम 1.8 हेक्टर. क्लो द व्हूजोची भिंतीआडची सुमारे 50 हेक्टरची बाग आज 80 च्या आसपास मालकांत वाटलेली आहे, म्हणून एकाच नावाच्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लेबलवर बागेच्या नावाइतकंच मालकाचं नाव वाचा. तळघरात चाखताना इथे अनेक जण लाल आधी देतात आणि पांढरी नंतर. ती चूक नाही, तिथली रीत आहे.

काटोल, वरुड, नरखेडकडे संत्र्याची बाग असेल त्यांना या गप्पांत सहज शिरता येतं. आपलं संत्रं जंभेरीच्या खुंटावर बांधतात, तसा तिथला जवळजवळ प्रत्येक वेल अमेरिकन खुंटावर बांधलेला आहे. 1860 च्या दशकात आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने जुने वेल संपवले, त्यानंतरचा हा उपाय. आणि डिंक्यासाठी आपण बुंध्याला लावतो ती बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना, तिचं नावच बोर्दोवरून आलं. 1885 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी ते मिश्रण द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी जाहीर केलं. जूनमध्ये फवारणी जोरात असते आणि पहाटे पाचलाही सुरू होते. बागेला चिकटून गाडी लावू नका. लावलीच तर खिडक्या बंद आणि कपडे आत.

शाकाहारी असाल तर दोन गोष्टी विचारा. लाल वाईन नितळ करायला इथे अंड्याचा पांढरा भाग वापरण्याची जुनी रीत आहे. "सां कोलाज" म्हणजे तसं काही न वापरता बनवलेली. आणि कोंते, एपोआससारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विकराने विरजतात. बाकी खाण्याचे हाल होत नाहीत. क्ल्युनी आणि बोनला शनिवारचा बाजार मोठा असतो, ले प्युईची हिरवी मसूर कुठल्याही दुकानात मिळते आणि सावजी मसाल्यात ती फार छान लागते. मसाले, डाळी, पोहे नेता येतात. तूप, पनीर, खवा आणि मांस युरोपात नेऊ देत नाहीत. कढीपत्ता आणि ताजी संत्रीसुद्धा नाही. संत्रा बर्फीत खवा असतो, विमानतळावर वाद नको, ती घरीच ठेवा.

पाणी, सांडपाणी, रात्र

रोज शेतावर राहता येत नाही, दर दोन-तीन दिवसांनी टाक्या रिकाम्या कराव्या लागतात. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण 100 लिटर, शौचालयाची कॅसेट 17 ते 20 लिटर. चौघांत ती दोन दिवसांत भरते. बऱ्याच गावांत नगरपालिकेची "एअर द कॅम्पिंग-कार", म्हणजे कॅम्परव्हॅनसाठीची जागा, असते. तिथला पाण्याचा खांब कार्डावर चालतो किंवा टोकनवर, "जेतों", जे टूरिस्ट ऑफिस, नगरपालिका किंवा तंबाखूच्या दुकानात मिळतं. दुकान रविवारी बंद, म्हणून टोकन आदल्या दिवशी घ्या. क्रम असा ठेवा. आधी गाडी जाळीवर अशी आणा की सांडपाण्याची तोटी बरोबर वर येईल, झडप उघडा, स्वयंपाक-आंघोळीचं पाणी जाऊ द्या. मग कॅसेट काढा, हवेचं बटण दाबून धरत हळू ओता. बटण न दाबता ओतलं की गचके बसतात आणि पायांवर उडतं. दोनदा विसळा, दोन लिटर पाणी आणि बाटलीवर दिलं असेल तेवढं रसायन घालून परत बसवा. हात धुवा. सगळ्यात शेवटी पिण्याचं पाणी, स्वतःच्या पाइपने, "ओ पोताब्ल" लिहिलेल्या नळावरूनच. कॅसेटजवळचा नळ विसळण्याचा आहे; तिथे लोक कॅसेटचं तोंड नळाला टेकवतात. त्याने पिण्याची टाकी भरली की पूर्ण कुटुंबाचं पोट बिघडतं.

रस्त्याकडेला रात्र काढायची तर "उभी गाडी" आणि "तळ ठोकलेली गाडी" यात फरक करतात. खुर्च्या, सावलीचं छत, पाचरी बाहेर आल्या की तो तळ. मोटरवेच्या विश्रांतीस्थळांवर मात्र झोपू नका, चोऱ्या होतात.

बोनला दोन रात्री कॅम्पिंगमध्ये काढा. ले सां विन्य नावाचं कॅम्पिंग गावातून चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी तिथेच ठेवून सायकली भाड्याने घ्या. बोन ते सांतने हा सुमारे 22 किलोमीटरचा सायकलमार्ग पोमार, व्होलने, म्यूर्सोच्या बागांमधून जातो, आणि जिथे व्हॅन नेणं मुश्कील तिथे सायकल सहज जाते. दारूची मर्यादा सायकललाही लागू आहे. 1443 साली गरिबांसाठी उभारलेलं ओस्पिस हे रुग्णालय त्याच गावात, रंगीत कौलांचं. त्याच्या मालकीच्या बागांची वाईन दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी लिलावात निघते.

परतीचा दिवस

गाडी परत देताना तिन्ही गोष्टी लागतात: दोन्ही घाण टाक्या रिकाम्या, डिझेल ठरलेल्या रेषेपर्यंत, आतून झाडलेली. कॅसेट भरलेली दिली तर दंड लागतो. गाडी देण्याच्या दिवशी टोकन शोधत फिरू नये म्हणून आदली रात्र कॅम्पिंगमध्येच काढा.

बाटल्यांचं वजन आधीपासून ध्यानात ठेवा. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, सहांचं खोकं आठ-नऊ किलोंचं. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान पार वर जातं आणि बूच बाहेर ढकललं जातं, म्हणून बाटल्या जमिनीलगत, गादीखालच्या खणात, ओल्या टॉवेलात गुंडाळून आडव्या ठेवा. भारतात माणशी 2 लिटर करमुक्त, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन पूर्ण बाटल्या, जोडप्याला चार. त्यापुढच्या प्रत्येक बाटलीवरचं शुल्क तिच्या किमतीहून जास्त असू शकतं. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक बाटली वेगळ्या मोज्यात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावत्या हातातल्या बॅगेत. आणि घर वर्ध्याला किंवा गडचिरोलीला असेल तर या बाटल्या नागपुरातच कुणाकडे ठेवा. त्या दोन्ही जिल्ह्यांत दारूबंदी आहे आणि फ्रान्सची पावती तिथे कामाची नाही.